चिंतामणचा कच्चा सर्व्हर

चिंतामण पुराणिकला घाण खपत नाही. अंगावरची किंवा घरातली घाण तर कोणालाच खपत नाही, पण या माणसाला कॉम्प्युटरमधली घाणसुद्धा खपत नाही. एखाद्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल२' आणि 'खरंच फायनल' अशा तीन फायली एकाखाली एक दिसल्या, की आमटीत केस निघाल्यासारखं त्याचं तोंड होतं. "शी! माणसं आहेत का कोण आहेत?" असं म्हणून तो खुर्ची मागे सरकवतो, उठून हात धुऊन येतो आणि मगच त्या फायलींना हात लावतो. अमरावतीला राजापेठेत तिसऱ्या मजल्यावर अकरा माणसांची एक सॉफ्टवेअर कंपनी आहे. तिथे गेली नऊ वर्षं तो हेच करतोय. वय सेहेचाळीस. डोक्यावरचे केस गेले, शर्टाची वरची गुंडी कधी उघडी नाही, आणि खिशात दोन पेनं, ज्यातलं एक तो कधीच कोणाला देत नाही.

त्याचं काम समजावून सांगितलं तर सोपं आहे. अकोल्यातल्या एखाद्या रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये क्लार्क बाई बटण दाबते आणि पडद्यावर पेशंटचा अहवाल येतो. या दोन गोष्टींच्या मधे जे यंत्र बसलेलं असतं, निरोप घेतं, योग्य प्रोग्रॅमला कामाला लावतं आणि उत्तर परत पाठवतं, तो अॅप्लिकेशन सर्व्हर. तो एक नसतो, दोन असतात. एक लाइव्ह, म्हणजे पक्का, खऱ्या माणसांचा. दुसरा डेव्हलपमेंटचा, म्हणजे कच्चा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी तिथे वाट्टेल ते मोडावं, जोडावं, पुन्हा मोडावं. हा कच्चा सर्व्हर उभा करणं आणि नीट ठेवणं ही चिंतामणची जबाबदारी.

आणि तो कसा उभा करायचा म्हणता! कोरं मशीन घ्यायचा. सर्व्हरसाठी वेगळं खातं काढायचा आणि त्या खात्याला त्याच्या स्वतःच्या फोल्डरपलीकडे कुठेही पाय ठेवू द्यायचा नाही. पोर्ट कोणता, मेमरी किती, डेटाबेसचा पत्ता काय, हे सगळं कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये स्वतःच्या हाताने ओळ न् ओळ लिहायचा, आणि प्रत्येक ओळीवर ती का लिहिली तेही लिहायचा. कोणाची फाइल उचलून चिकटवणं नाही. शेवटी डेटाबेसमध्ये बारा खोटे पेशंट भरायचा. बंडू नमुने, गंगूबाई चाचणीकर, कमळाबाई कच्चे अशी त्यांची नावं. बाराही जणांचा मोबाइल नंबर मात्र एकच, चिंतामणचा स्वतःचा. ऑफिसात कोणीही टेस्ट मारली की त्याच्या खिशातला फोन बारा वेळा थरथरायचा. जेवताना थरथरला तरी हा खूश. निरोप बाहेर कुठे गेला नाही, आपल्याच खिशात आला, एवढ्यावर त्याचा घास गोड व्हायचा.

या व्यवस्थेला तो सोवळं म्हणायचा. कच्च्याचं पक्क्याला लागू द्यायचं नाही, पक्क्याचं कच्च्यात आणायचं नाही. ऑफिसातले हसायचे. पुराणिक गुरुजींचा पोरगा, दुसरं काय म्हणणार, असं म्हणायचे. त्यांना आतली गोष्ट माहीत नव्हती.

अकोल्याच्या जुन्या शहरात चिंतामणचे वडील भिक्षुकी करायचे. घरात कडक सोवळं. सुंदराबाई नावाची बाई अठरा वर्षं त्यांच्या घरची भांडी घासत होती. तिने घासलेली भांडी आत घेताना त्यांच्यावर पुन्हा पाणी शिंपडायचे, आणि तिला प्यायला पाणी द्यायचं तर वरून, ओंजळीत. चिंतामण बारा वर्षांचा असताना एकदा ती अंगात ताप घेऊन कामाला आली आणि मोरीपाशीच मटकन बसली. पाणी मागू लागली. वडील कोणता तांब्या द्यावा याचा विचार करत उभे राहिले. विचार करत! बाई तापाने फणफणलेली आणि हे तांब्यांकडे पाहतात. चिंतामणला पोटातून अशी काही किळस आली, की त्याने देवघरातलं स्वतःचं फुलपात्र भरलं आणि नेऊन तिच्या तोंडाला लावलं. त्याबद्दल सणसणीत थोबाडीत खाल्ली. मुंजीच्या वेळी शिकलेलं सगळं त्याने त्या दिवशी मनातून सोडून दिलं. माणसाचा विटाळ मानणाऱ्यांची त्याला अजूनही शिसारी आहे. तो म्हणतो, "माणसाले कायचा विटाळ? विटाळ असलाच तर यंत्राले असते. त्याले धुता येते, त्याले वाईट वाटत नाही."

आता या कंपनीचा मालक मनोज. अडतीस वर्षांचा, हसरा, खांद्यावर हात टाकून बोलणारा. वाईट माणूस म्हणता येणार नाही, आणि तीच तर पंचाईत. वाईट माणसापासून निदान दूर राहता येतं. मनोजचा मंत्र एकच, "होऊन जाते ना!" नवीन गिऱ्हाईक आलं की जुन्या गिऱ्हाइकाचं सगळं जसंच्या तसं उचलून टाकायचं, मग नावं बदलत बसायची. एकदा अशा उचलाउचलीत एका शाळेच्या फीच्या पावतीवर कापसाच्या जिनिंग फॅक्टरीचं नाव छापून गेलं होतं. तिथले मुख्याध्यापक ती पावती घेऊन स्वतः जिना चढून आले. मनोज पोट धरून हसला, त्यांना चहा पाजला, प्रकरण मिटलं. चिंतामण मात्र दोन दिवस कोणाशी बोलला नाही. उष्टं ताट धुतल्यासारखं करायचं आणि त्यातच दुसऱ्याला वाढायचं, ही कोणती रीत? असं त्याला वाटायचं, आणि त्याचा जीव नुसता वरखाली व्हायचा.

यंदाच्या जानेवारीतली गोष्ट. अकोला, बाळापूर, दर्यापूर आणि आजूबाजूच्या गावांत शाखा असलेल्या एका लॅबचं काम कंपनीकडे होतं. त्यात एक नवी सोय करायची होती. एखाद्या पेशंटच्या रक्तात गंभीर काही निघालं, तर डॉक्टरांनी सही करताक्षणी त्याच्या मोबाइलवर निरोप जायचा, ताबडतोब दवाखाना गाठा म्हणून. सोमवारी अकरा वाजता लॅबचे मालक आणि त्यांचे डॉक्टर ती सोय पाहायला येणार होते. चिंतामणने शुक्रवारीच कच्चा सर्व्हर लख्ख करून ठेवला, बारा खोटे पेशंट मोजले आणि शनिवारी अकोल्याला घरी गेला. सोमवारी सकाळच्या गाडीने अमरावतीजवळ बडनेऱ्याला उतरला, ऑटो केली आणि सव्वादहाला ऑफिसात पोचला.

प्रोग्रॅम लिहिणारी अपेक्षा त्याची वाटच पाहत होती. कामात तिचा हात स्वच्छ, म्हणून चिंतामणची लाडकी.

"सर, टेस्ट मारून पाहिली. एकदम मस्त चालून राहिलं," ती म्हणाली.

"कधी मारली?"

"आत्ताच, पाच मिनिटं झाली. सगळे पेशंट निवडले अन् दाबलं बटण. तुमच्या फोनवर आले असतील ना बारा?"

चिंतामणचा हात खिशाकडे गेला. ऑटोत बसल्यापासून फोन एकदाही थरथरला नव्हता. त्याने काढून पाहिला. एकही निरोप नाही. तो तिच्या खुर्चीवर बसला आणि सर्व्हरची नोंदवही उघडली. सर्व्हर जे जे करतो ते सगळं त्यात लिहिलेलं असतं. शेवटची ओळ होती, दहा वाजून दहा मिनिटांनी, पाठवलेले निरोप चारशे बारा.

त्याने कॉन्फिगरेशनची फाइल उघडली. त्याच्या ओळी नव्हत्या. एकही नव्हती. लाइव्ह सर्व्हरची फाइल जशीच्या तशी आणून तिथे आदळली होती. निरोप पाठवायची खरी किल्ली, खरी परवानगी, सगळं. डेटाबेस उघडला. बंडू नमुने गेला, गंगूबाई गेली. त्यांच्या जागी चारशे बारा खरीखुरी नावं, खरे नंबर, आणि पुढे त्यांच्या रक्ताचे कच्चे अहवाल, डॉक्टरांची सही व्हायची बाकी. अंगावरून झुरळ फिरावं तसं त्याला झालं. त्याने हात टेबलावरून उचलून मांडीवर ठेवले.

"सर, काय झालं?" अपेक्षाने विचारलं.

"निरोपात मजकूर काय होता?"

तिने पडद्यावर दाखवला. 'आपल्या रक्ततपासणीत गंभीर आजाराची लक्षणे आढळली आहेत. ताबडतोब तज्ज्ञ डॉक्टरांना भेटा.' तो वाचता वाचताच तिच्या ध्यानात आलं.

"सर, आपल्या इथे नेहमी बाराच असतात... तुमचेच असतात... म्हणून मी पाहिलंच नाही."

"तुझं काही चुकलं नाही," चिंतामण म्हणाला. आणि मग त्याला ते आणखीच टोचलं. नऊ वर्षं त्यानेच सगळ्यांना शिकवलं होतं, की कच्च्या सर्व्हरवर डोळे मिटून दाबा, इथून काही बाहेर जात नाही.

मनोज आतून आला. हातात रुमाल, अंगावर नवा कोट. चिंतामणने विचारायच्या आधीच तो बोलला, "अरे, थे मीच टाकलं काल! डेमोमध्ये बंडू नमुने दिसला की लोकं हसतात गड्या. जरा जिवंतपणा नको का? म्हणून लाइव्हचं सगळं उचललं अन् टाकलं. दहा मिनिटांचं काम, तू उगाच दोन-दोन दिवस लावतो."

"चारशे बारा लोकांले गंभीर आजार झाला असा निरोप गेला, मनोज."

मनोजने दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "कोणाले माहीत हाय?"

हे ऐकून चिंतामणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणाला काय झालं असेल हे नाही, कोणाला माहीत आहे हे विचारतो! चारशे बारा घरांत आत्ता काय चाललं असेल? कोणी बायकोपासून फोन लपवत असेल, कोणी ओट्यावरच बसला असेल, कोणी देवापुढे.

"लॅबवाले बडनेऱ्याच्या पुढे आले, फोन होता आत्ता," मनोज म्हणाला. "डेमो होऊ दे. सर्व्हर तेवढा पुसून टाक, नोंदवहीसकट. संध्याकाळी सांगू, का नेटवर्कचा गोंधळ झाला म्हणून. होऊन जाते."

"संध्याकाळपर्यंत त्या लोकांनं काय करायचं?"

"अरे, काही होत नाही कोणाले! आजकाल निरोप वाचते कोण?"

चिंतामणने त्याच्याकडे असं पाहिलं, की मनोजने रुमालाने उगाचच तोंड पुसलं. पुढे काय करायचं ते चिंतामणला लख्ख दिसत होतं आणि तेच त्याला नको होतं. त्या चारशे बारा जणांना आत्ताच्या आत्ता खरं सांगायचं, तर रस्ता एकच होता. लाइव्हवरून पाठवायला लॅबची परवानगी लागली असती, आणि ती मागायची तर लॅबचे मालक गाडीतून उतरून, चहा होऊन, दोन तास गेले असते. या बाटलेल्या कच्च्या सर्व्हरवर मात्र किल्ली होती, नंबर होते, सगळं तयार होतं. म्हणजे ज्या घाणीने हे केलं, त्याच घाणीत हात घालायचा. कच्च्यावरून जाणूनबुजून खऱ्या माणसांना निरोप पाठवायचा. नऊ वर्षांत जे केलं नाही ते.

त्याने खुर्ची पुढे ओढली.

मोबाइलवरच्या निरोपांचे साचे आधी मंजूर करून घ्यावे लागतात. कंपनीच्या साच्यांत 'महत्त्वाची सूचना' नावाचा एक ढिला साचा होता, मोकळ्या जागा सोडलेला. त्याने तो घेतला. लिहिलं, 'तुम्हाला काहीही झालेलं नाही.' वाचलं, खोडलं. हे आपल्याला कुठे माहीत आहे? मग लिहिलं, 'सकाळी १०.१० चा गंभीर आजाराचा निरोप आमच्या चुकीने गेला. तो कोणाचाही अहवाल पाहून पाठवलेला नाही. खरा अहवाल लॅबमधूनच घ्या.' खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली स्वतःचा नंबर.

"वेडा झाला का तू?" मनोजने खुर्चीची पाठ धरली. "हा कबुलीजबाब हाय! लॅबवाले जिन्यात असतील. चिंतामण, बटण दाबलं तर उद्यापासून येऊ नको. खरं सांगून राहिलो."

"नाही येत," चिंतामण म्हणाला आणि बटण दाबलं.

नोंदवहीत ओळ उमटली, चारशे बारा. खाली जिन्यात पावलं वाजली. मनोजने कोट सारखा केला, तोंडावर हसू चढवलं आणि पाहुण्यांना सामोरा गेला. त्या हसण्याची चिंतामणला अशी काही ओकारी आली, की त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

आणि फोन वाजायला लागला.

पहिली बाळापूरची बिल्कीस नावाची बाई. तिने त्याला बोलूच दिलं नाही. "शरम नाही वाटत? मेसेज आल्यापासून माझ्या अब्बाने पाण्याचा घोट घेतला नाही. कफन कुठे ठेवलंय ते सांगून बसले! तुमच्या घरात कोणी म्हातारं नाही का?" चिंतामण "हो ताई, चूक झाली ताई" म्हणत राहिला. तिने मनसोक्त झापलं आणि शेवटी विचारलं, "पण हे दुसरं तरी खरं ना?" दुसरा एकजण अकोल्याचा वकील होता, त्याने केस टाकतो म्हणून सांगितलं. एक म्हातारी नुसती रडली. एकाने विचारलं, पहिला निरोप खोटा कशावरून, दुसराच खोटा नसेल कशावरून? अपेक्षा शेजारी बसून कोणाशी बोलणं झालं त्यांची नावं वहीत लिहून घेत होती. शिव्या ऐकून चिंतामणला बरंच वाटत होतं. मिळायलाच पाहिजेत होत्या त्या, आणि कोणीतरी त्या खाल्ल्याही पाहिजेत.

बाराच्या सुमाराला दर्यापूरहून फोन आला. मागे इंजिनाची घरघर आणि माणसांचा गलका.

"साहेब, पुंजाराम बोलून राहिलो. दर्यापूर-अमरावती जीप हाय आपली. सकाळी तुमचा थो पहिला मेसेज आला ना, भरलेली जीप खाली केली न् घरी जाऊन निजलो. बायकोले काही सांगतलं नाही. आता हा दुसरा आला, तं स्टँडवर पुन्हा नंबरात लावली. जीव भांड्यात पडला, साहेब!"

"बरं झालं," चिंतामण म्हणाला. "खरा अहवाल तेवढा लॅबमधून..."

"अहो, थे वाचलं मी. पण तुमच्यापाशी कॉम्प्युटर हाय ना? पंधरा दिवस झाले, लय थकवा येऊन राहिला, म्हणून तपासलं होतं. पुंजाराम, दर्यापूर शाखा. पाहून सांगा ना, काही नाही ना म्हणून."

इथे नाही म्हणायला हवं होतं. लोकांच्या रकान्यांत डोकवायचं नाही हा चिंतामणचा पहिला नियम. पण सकाळपासून इतक्यांचा जीव टांगणीला लावला, निदान एकाला तरी 'काही नाही' असं सांगून मोकळं करावं, असं त्याला वाटून गेलं. त्या मोहाने त्याने नाव टाकलं.

अहवाल उघडला. आकडे त्याला कळत नव्हते, पण दोन आकड्यांना लाल खूण होती, आणि तपासणाऱ्याने डॉक्टरांसाठी खाली साध्या भाषेत ओळ लिहिली होती, 'रक्ताच्या कर्करोगाचा दाट संशय. पेशंटला तातडीने बोलवावे.' सही बाकी.

त्याने पडदा बंद केला. उपयोग काय? पाहून तर झालं होतं. आयुष्यात कधी न पाहिलेल्या माणसाच्या रक्तात त्याने हात घातला होता, आणि त्या माणसाला स्वतःलाच अजून ठाऊक नव्हतं. मनोजची किळस आली होती ती काहीच नाही, अशी त्याला स्वतःची आली. अपेक्षा त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिने पेन खाली ठेवलं.

"साहेब? हाय ना तुमी?" पलीकडून आवाज आला. "पाशिंजर बसून राहिले. तुमी तेवढं म्हना, का पुंजाराम, तुले काही नाही. ऐकतो अन् निघतो."

चार शब्दही लागले नसते. बिल्कीसला, वकिलाला, म्हातारीला 'चूक झाली' म्हटलं, तसंच हेही म्हणायचं.

"पुंजाराम भाऊ," तो शेवटी म्हणाला, "जीपची चाबी दुसऱ्या कोणापाशी द्या. आज तुमी चालवू नका. लॅबचे डॉक्टर इथेच बसले आहेत, मी त्यांले घेऊन दर्यापूरले येऊन राहिलो. दोन तासांत पोचतो."

पलीकडचा गलका तसाच चालू होता. कोणीतरी पुंजारामला आवाज देत होतं, चाल लवकर, उशीर होऊन राहिला.

"म्हणजे साहेब," पुंजाराम हळू म्हणाला, "थे पहिलं... माह्यासाठी खरं होतं का?"

चिंतामणच्या तोंडून 'नाही' निघालं नाही. पलीकडे पुंजारामने जीपचं इंजिन बंद केलं.